ध्रुवाकडे निघताना बॅगेत काय भराल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र दर वर्षी अंटार्क्टिकाला मोहीम पाठवतं. मैत्री आणि भारती ही आपली तिथली दोन केंद्रं. शास्त्रज्ञांबरोबर जनरेटर मेकॅनिक, वेल्डर, सुतार, इलेक्ट्रिशियन, आचारी, डॉक्टर, नर्स अशीही माणसं त्यात लागतात. काही जण तिथल्या उन्हाळ्यापुरते, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च जातात. काही जण हिवाळाही तिथेच काढतात. या नोकऱ्यांची माहिती आम्ही दिली, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विषय होता: सामान. निवडक पत्रांना ही उत्तरं.

मैत्री केंद्रावर उन्हाळ्यापुरती जनरेटर मेकॅनिक म्हणून निवड झाली आहे. ध्रुवीय कपडे केंद्राकडून मिळणार आहेत. मग मी विकत काय घेऊ? इथला दुकानदार पंधरा हजारांचं जॅकेट घ्याच म्हणतो.
(इचलकरंजी)

जॅकेट घेऊ नका. वरचा जाड सूट, बूट, जाड हातमोजे हे तुम्हाला मिळणारच आहे, आणि ते तिथल्या वाऱ्यासाठीच निवडलेलं असतं. दुकानातलं जॅकेट त्या सुटावर चढत नाही आणि आत मावत नाही. वजन मात्र खातं. तुमचे पैसे अंगालगतच्या कपड्यांवर घाला. ते आपल्याच मापाचे लागतात आणि दुसऱ्याचे चालत नाहीत.

चार महिन्यांचा हिशेब साधारण असा धरा. मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे पातळ इनर, वरचा आणि खालचा मिळून तीन जोड; जाड इनर एक जोड. फ्लीसचे दोन पुलओव्हर, एक पातळ आणि एक जाड. फ्लीसच्या किंवा ट्रॅकच्या दोन पँट. अंतर्वस्त्रं आठ-दहा. पातळ पायमोजे सहा जोड, जाड लोकरी चार. कान पूर्ण झाकणाऱ्या दोन टोप्या, आणि नाकावर ओढता येतील अशा दोन नळीसारख्या गळपट्ट्या. दोन एवढ्यासाठी की श्वासाच्या वाफेने एक ओली होऊन कडक होते, ती वाळेपर्यंत दुसरी लागते. मैत्रीवर पाणी प्रियदर्शिनी तळ्यातून उपसून आणतात. कपडे धुता येतात, पण रोज धुणं टाकायची सोय गृहीत धरू नका.

बाहेर जाताना अंगालगत सुती कपडा नको. सुती बनियन घाम पितो आणि धरून ठेवतो. पिंपं ढकलताना घाम येतो, काम थांबतं, आणि तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घ्यायला लागतो. मैत्रीवर उन्हाळ्यात पारा शून्याच्या जवळपास असतो, त्यामुळे अनेकांना वाटतं की ही थंडी हिमाचलच्या सहलीइतकीच. वारा विसरू नका. उणे १० अंश आणि ताशी ५० किलोमीटर वारा असला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २२ अंशांसारखी लागते. अंगमेहनतीच्या कामाला हात घालण्याआधी एक थर उतरवा. पहिली पाच-दहा मिनिटं किंचित गारठल्यासारखं वाटलं, तर कपडे बरोबर आहेत. हात थांबले की लगेच तो थर परत चढवा, घाम जाणवायची वाट पाहू नका. आत वावरायला आणि झोपायला सुती कपड्यांचे दोन जोड खुशाल न्या.

तुमच्या कामाची एक खास गोष्ट. ध्रुवावर वापरतात ते इंधन गोठणबिंदूच्या खूप खालीही पातळ राहतं. ते हातावर सांडलं, तर बाहेरच्या हवेइतकंच थंड असतं, आणि उडून जाताना बोटांतली आणखी उष्णता नेतं. लोकरी मोजा इंधनात भिजला तर हिमदंश व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून लांब मनगटाचे जाड नायट्राइल हातमोजे दोन जोड न्या, नेहमीपेक्षा एक साइझ मोठे, म्हणजे आत पातळ मोजा मावेल. पातळ हातमोजे मात्र चार जोड तरी हवेत. नट-बोल्टच्या कामात तेच सतत हातात असतात आणि बोटांच्या टोकांशी फाटतात. जाड मोजा काढला तरी उघड्या बोटांनी पाना धरायचा नाही. पान्यांच्या मुठींना कापडी टेप गुंडाळलेली बरी.

बूट मापाचे आहेत हे कसं ओळखायचं? माझा पाय पुढून रुंद आहे.
(सुतार, संगमेश्वर)

बूट मिळतील त्या दिवशी घाई करू नका. मागे रांग असली तरी करू नका. शक्यतो संध्याकाळी घालून बघा, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो. बाहेर घालणार तेच पातळ आणि जाड असे दोन्ही पायमोजे घाला. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, म्हणजे बोटं बुटाला टेकतील. आता टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग नाडी बांधून चाला, उकिडवे बसा, चवड्यांवर उभे राहा. आत सगळी बोटं हलवता आली पाहिजेत. रुंद पायाच्या माणसाने करंगळीकडे लक्ष द्यावं. तिथे दाब वाटला, तर एक नंबर मोठा मागून घ्या.

घट्ट बूट थंडीत सर्वांत धोक्याचा. बोटं गरम ठेवतं ते रक्त, आणि बूट आवळला की तेच अडतं. बूट गार वाटला म्हणून तिसरा पायमोजा चढवणं ही नेहमीची चूक आहे. त्याने आतली हवा संपते, पाय आवळला जातो आणि आणखी गार पडतो.

आतलं नमद्याचं अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळवायचं. दिवसभराचा घाम त्यात मुरलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी गारठा तिथूनच सुरू होतो. अस्तरांचा जादा जोड मिळाला तर नाही म्हणू नका. केंद्राच्या आत घालायला मात्र स्वतःचे हलके, रबरी तळाचे बूट किंवा पक्की चप्पल न्या.

तीच शिस्त सुटालाही लावा. आतले सगळे कपडे घालून सूट चढवा, हात डोक्यावर न्या, खाली वाका. पाठ उघडी पडते का? जाड हातमोजा घालून प्रत्येक चेन उघडता आणि लावता येते का? येत नसेल, तर चेनच्या टोकाला बोटभर लांबीची नाडी बांधा. घरून चार-पाच मीटर नायलॉनची नाडी नेली तर पुरते, आणि ती वाया जात नाही.

जुने ट्रेकिंगचे बूट आणि सॅक नेली तर चालेल ना? सह्याद्रीत चार वर्षं वापरलेली आहेत, चांगली रुळलेली.
(जुन्नर)

चालेल, पण घासूनपुसून, आणि हे काम वाटतं त्याहून मोठं आहे. अंटार्क्टिकाला परक्या बिया, माती, किडे पोचू नयेत याला तिथे सर्वांत जास्त महत्त्व देतात. २००७-०८च्या उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या लोकांचे कपडे आणि बॅगा तपासल्या, तेव्हा ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे माणशी सरासरी नऊ-दहा बिया होत्या. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोआ अॅनुआ हे बाहेरचं गवत रुजलंसुद्धा. जिथे फुलणाऱ्या वनस्पतींच्या मूळच्या फक्त दोन जाती आहेत, तिथे असं एक गवतही फार झालं.

पावसाळ्यानंतर सह्याद्री फिरलेल्या सॅकमध्ये कुसळं असणारच. ती कपडे धुऊन जात नाहीत, कारण कुसळावर उलट्या दिशेचे बारीक केस असतात आणि ते विणीत रुततं. काम असं करा. सगळे खिसे उलटे करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, शिवणींच्या कोपऱ्यांत अरुंद तोंड घालून. वेल्क्रोची आकड्यांची बाजू दिव्याखाली धरा आणि जाड सुई किंवा दातेरी कंगव्याने एकेक ओळ विंचरा. गवताची टोकं तिथेच दडतात. बुटांच्या तळव्यातली माती काडीने खरवडून, साबणाच्या पाण्याने घासून, पूर्ण वाळवा. जिभेच्या आतली बाजू आणि नाडीच्या आकड्यांखालची जागा लोक हमखास विसरतात. लोकरी पायमोज्यांत कुसळं फार असतील, तर ते घरीच ठेवा आणि नवे घ्या.

लोकरीचे कपडे कपाटातून काढताना आणखी एक बघा. डांबरगोळ्या खिशात राहतात. कीडनाशकं अंटार्क्टिकावर नेणं निषिद्ध आहे. तसंच नवीन उपकरणाच्या खोक्यातले थर्माकोलचे मणी किंवा तुकडे. वाऱ्याने ते उडाले तर कुणी गोळा करू शकत नाही, म्हणून पर्यावरण संरक्षणाच्या माद्रिद करारात त्यांचं नाव घेऊन बंदी आहे. खोकी घरीच फोडा आणि वस्तू टॉवेलमध्ये गुंडाळा. भारताच्या २०२२च्या अंटार्क्टिक कायद्याने याविषयीचे नियम आपल्या देशातही कायदा झाले आहेत.

एकूण किती बॅगा आणि कुठली वस्तू कुठे?
(चिपळूण)

वजनाचा आकडा तुमच्या निवडपत्रात असेल, तोच धरा. बॅग भरताना मात्र वस्तू काय आहे यापेक्षा ती पुन्हा हातात कधी येणार, हे बघून वाटणी करा. मैत्रीचा नेहमीचा हवाईमार्ग केप टाउनहून आहे. तिथून मालवाहू विमानाने अंटार्क्टिकातल्या नोव्हो या बर्फाच्या धावपट्टीवर उतरायचं. नोव्होचं हवामान बिघडलं, तर केप टाउनला काही दिवस थांबावं लागतं. त्या वेळी मोठ्या बॅगा बांधून विमानाकडे गेलेल्या असू शकतात.

म्हणून हातातल्या बॅगेत: पासपोर्ट आणि कागदपत्रं, त्यांच्या छायाप्रती वेगळ्या, निम्मी औषधं, चष्मा आणि गॉगल, लॅपटॉप, पॉवर बँक, इनरचा एक जोड, टोपी, पातळ हातमोजे, गळपट्टी, दात घासायचं सामान. शिवाय केप टाउनसाठी दोन हलके शर्ट, कारण नोव्हेंबरात तिथे उन्हाळ्याची सुरुवात असते. कानात घालायचे बोळेही इथेच ठेवा. मालवाहू विमानात आवाज फार असतो. आपली जाड तीन पिनांची प्लग दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या सॉकेटमध्ये बसते, तरी एक बहुदेशी अॅडाप्टर घ्या.

धावपट्टीवर उतरताना जे अंगावर हवं, ते एका वेगळ्या पिशवीत आणि विमानात हाताशी. उतरायच्या आधी सगळे एकदमच कपडे चढवतात आणि जागा कमी असते. त्यामुळे पिशवी उलट्या क्रमाने भरा: सर्वांत आधी चढवायचं ते सर्वांत वर.

मोठं सामान चाकांच्या कडक सुटकेसमध्ये नको, डफल बॅगेत. बर्फावर चाकं निरुपयोगी, आणि डफल रिकामी झाली की घडी घालून पलंगाखाली जाते. मोहिमेच्या बॅगा सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. पट्ट्याला भडक कापड शिवा आणि नाव बाहेर-आत दोन्हीकडे लिहा. जहाजाने काही जाणार असेल, तर ते काही आठवडे मिळणार नाही असं समजून त्यात फक्त जादा साबण, पुस्तकं, हिवाळी मुक्कामाचे कपडे घाला. औषध एकही नको.

फोन, कॅमेरा, पॉवर बँक थंडीत टिकतील का?
(पुणे)

टिकतील, दोन गोष्टी सांभाळल्या तर.

पहिली बॅटरी. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते. ४० टक्के दिसत असताना फोन बंद पडतो आणि गरम झाला की पुन्हा चालू होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फोन आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी फ्लीसच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. गोठणबिंदूखाली चार्जिंग मात्र कधीच करू नका. थंड बॅटरीत लिथियम आत मुरण्याऐवजी धातूच्या थरासारखं साचतं आणि तिची क्षमता कायमची जाते. आत आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चार्जर लावा. हेडटॉर्चसाठी नेहमीच्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचे पेन्सिल सेल घ्या. महाग असतात, पण थंडीत खरोखर चालतात.

दुसरी वाफ. गार कॅमेरा उबदार खोलीत आणला की त्यावर आणि आतही पाणी धरतं. आत येण्याआधी, बाहेर असतानाच तो जाड झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा. आत आल्यावर दोन-तीन तास पिशवी उघडू नका. पाणी पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही.

विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, आणि १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. एकच न्या. सिनेमे, गाणी, वाचायच्या फायली, कामाची मॅन्युअल्स घरीच उतरवून घ्या, कारण उपग्रहाच्या जोडणीवर ते जमणार नाही. वहीबरोबर पेन्सिल ठेवा, बाहेर बॉलपेनची शाई अडते.

मुलगा वर्षभरासाठी चालला आहे. लाडू, चिवडा, लोणचं, सुकट आणि मोडासाठी मटकी द्यायची आहे.
(एक आई, मालवण)

बाई, मटकी आणि सुकट काढून ठेवा. मटकी, मूग, मेथ्या, मोहरी, अख्खे धणे हे सगळं जिवंत बियाणं आहे. मोड येतात याचाच अर्थ ते रुजू शकतं. केंद्राच्या मुदपाकखान्यात कडधान्य असतं, पण तो साठा मोजून, देखरेखीखाली नेलेला असतो. खाजगी पिशवीतून ते जायला नको. सुकटीचा, बोंबलाचा वास बंद इमारतीत आठवडाभर राहतो, आणि वाटेतल्या देशाच्या सीमाशुल्कात मासळी-मांस अडकतं ते वेगळंच.

द्यायचं तर भाजलेलं आणि दळलेलं द्या: मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, सुकी लसणाची चटणी. शक्यतो कारखान्यात बंद केलेल्या, घटकांची यादी छापलेल्या पाकिटांत. घरचा डबा सीमाशुल्कावर समजावून सांगावा लागतो. बेसनाचे लाडू टिकतात, पण मुलाच्या वजनाच्या मर्यादेतून एक किलो खातात. पहिल्या पंधरा दिवसांपुरते द्या. लोणच्याची बरणी विमानात कमी दाबामुळे तेल सोडते. द्यायचंच असेल, तर तेल निथळून, दोन झिपच्या पिशव्यांत, आणि कपड्यांपासून लांब.

आणखी एक द्या, त्याची आठवण सहसा कुणाला होत नाही: कोकमतेलाचा गोळा, गोव्यातलं भिरंडेल. अंटार्क्टिकाची हवा अतिशय कोरडी असते. बोटांच्या पेरांना आणि टाचांना चिरा पडतात आणि त्या भरत नाहीत. खोबरेल तेल चोविसेक अंशांखालीच गोठतं, बाटलीतून निघत नाही. कोकमतेल मुळात घट्ट, सांडत नाही, गळत नाही, आणि अंगाच्या उबेने विरघळतं. रात्री पेरांवर चोळून वर सुती मोजे घालायला सांगा.

हिवाळी मुक्कामात गणपती येईल. शाडूची छोटी मूर्ती नेऊ का?
(वेल्डर, पेण)

शाडू ही माती आहे, आणि निर्जंतुक न केलेली माती अंटार्क्टिकावर नेता येत नाही. दूर्वा, फुलं, पत्री, नारळ हेही नाही. पितळेची किंवा पंचधातूची मूर्ती न्या, हाताच्या मुठीएवढी पुरे. निरांजन आणि उदबत्ती केंद्रप्रमुखाला विचारल्याशिवाय लावू नका. तिथली हवा कोरडी, वारा जोराचा, विझवायला वाहतं पाणी जवळ नाही, आणि इमारत जळाली तर दुसरा आसरा नाही, म्हणून आगीइतकी कशाचीच भीती नसते. बॅटरीचा दिवा ठेवा. मोदकांना तांदळाची पिठी मुदपाकखान्यात मिळेल. विसर्जन तळ्यात नको. मूर्ती परत बॅगेत ठेवा.

भारती केंद्रावर संशोधनासाठी जाते आहे. पाळीचं आणि बाहेरच्या मुक्कामात लघवीचं कसं करायचं, हे विचारायला कुणी नाही.
(नागपूर)

विचारलंत ते फार बरं केलंत. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत तुमच्याच नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत आणि त्यांच्याबरोबर सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, तेव्हापासून भारतीय स्त्रिया तिथे काम करताहेत. सामानाच्या छापील याद्यांत मात्र हे प्रश्न अजून कमीच दिसतात.

पॅड नेणार असाल, तर पूर्ण मुदतीचे आणि वर दोन महिन्यांचे न्या. प्रवास, झोपेची उलथापालथ आणि न मावळणारा सूर्य यांनी पाळी मागे-पुढे होते. वापरलेलं सगळं बंद पिशवीत परत आणायचं असतं, म्हणून अपारदर्शक झिपच्या पिशव्या भरपूर ठेवा. पाळीच्या कपने (मेन्स्ट्रुअल कप) कचरा आणि वजन दोन्ही वाचतं, पण निघण्याआधी किमान तीन पाळ्यांत सवय करा. तंबूत बसून शिकायची ती गोष्ट नाही. कप उकळायला वेगळं छोटं भांडं ठेवा.

लघवीसाठी फनेल आणि रुंद तोंडाची एक लिटरची बाटली. सराव घरी न्हाणीघरात, सगळे थर अंगावर चढवून करा, आणि कुठला कपडा किती खाली सरकवावा लागतो ते ठरवून ठेवा. बाटलीला खरखरीत टेप गुंडाळा, म्हणजे झोपाळलेल्या हातालाही पाण्याची बाटली वेगळी कळेल. बाहेर जायचा कंटाळा म्हणून पाणी कमी पिऊ नका. कोरड्या हवेत शरीर आधीच सुकतं, त्यात लघवीचा संसर्ग झाला तर काम थांबतं.

कानातले, अंगठ्या, जोडवी निघण्याआधी काढून ठेवा. धातू कानाच्या पाळीत थंडी पोचवतो. बोट सुजलं की अंगठी निघत नाही, आणि जोडवी बुटात बोटाला आवळतात. मंगळसूत्र घालायचं असेल, तर इनरच्या आत. ब्रा हुक आणि तार नसलेली घ्या. लांब केसांची घट्ट वेणी घाला. कोरड्या हवेत स्थिर वीज इतकी होते की मोकळे केस चेनमध्ये आणि वेल्क्रोत अडकतात.

रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि चष्मा आहे. काही वेगळं?
(सोलापूर)

निघण्याआधी दिल्लीच्या एम्समध्ये होणाऱ्या तपासणीत गोळी लपवू नका. तिथे नोंद असेल, तरच केंद्रावरच्या डॉक्टरांना तुमची तयारी ठेवता येईल. औषध पूर्ण मुदतीचं आणि वर दोन महिन्यांचं. निम्मं हातात, निम्मं मोठ्या बॅगेत. मूळ पट्ट्यांत, आणि सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी. इन्सुलिन किंवा डोळ्यांचे थेंब मोठ्या बॅगेत टाकू नका. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. दाताची दुखरी जागा निघण्याच्या दोन महिने आधी दाखवा. केंद्रावर डॉक्टर असतात, दातांचे डॉक्टर नसतात.

चष्मे दोन, प्लॅस्टिकच्या काड्यांचे. वरून बसेल असा गॉगल घ्या, बाजू बंद असलेला, यूव्ही ४०० लिहिलेला. बर्फावरून उलटलेलं ऊन खालून येतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. गॉगलशिवाय काढलेल्या दुपारचा त्रास संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी थांबत नाही. ढगाळ दिवशीही होतं. गाडी चालवणार असाल, तर काचेची श्रेणी ३ घ्या. श्रेणी ४ची काच वाहन चालवायला फार काळी. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी हवीच. मैत्रीवर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही.

मी आचारी आहे, दिवसभर आतच असणार. मला हे सगळं लागेल?
(सातारा)

अंगालगतचे कपडे निम्मे पुरतील, बूट आणि सूट पूर्ण लागेल. सामान आणायला, कचरा न्यायला बाहेर जावंच लागतं, आणि शेगडीसमोर घामेजलेला माणूस तसाच बाहेर पडला तर सर्वांत आधी तोच गारठतो. बाहेर निघण्याआधी बनियन बदला. त्यासाठी दोन जादा ठेवा. न घसरणारे, पुढून बंद बूट आत घालायला. हात सतत पाण्यात असल्याने चिरा इतरांपेक्षा जास्त पडतील. मलम आणि बोटांना लावायच्या पट्ट्या मोजून नका नेऊ, भरपूर न्या. स्वतःची सुरी नेत असाल, तर अर्थातच मोठ्या बॅगेत.

मी न्यू जर्सीत असतो. अमेरिकेच्या मॅकमर्डो केंद्रावर भोजनगृहात उन्हाळी काम मिळालं आहे. तिकडचं वेगळं काय?

तुमचे जाड कपडे न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला मिळतील, तो प्रसिद्ध लाल पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोटही. सगळं तिथेच घालून बघा आणि मापाचं नसेल तर त्याच टेबलावर बदला. विमान अर्ध्या वाटेवरून हवामानामुळे परत फिरणं त्या मार्गावर इतकं नेहमीचं आहे की त्याला बूमरँग म्हणतात. मोठ्या बॅगा पॅलेटवर, म्हणजे माल चढवायच्या फळीवर, बांधलेल्याच राहतात, म्हणून रात्रीपुरते कपडे, औषधं आणि चार्जर वेगळ्या छोट्या बॅगेत. न्यूझीलंडच्या विमानतळावर बूट, तंबू, खाण्याचे पदार्थ जाहीर करा. बुटाला माती असली तर थांबवतात आणि न सांगितलं तर दंड होतो. हँगर, मग, छोटे पंखे असल्या वस्तू नेऊ नका. जाणारे लोक आपल्या वस्तू मागे ठेवतात, त्या जागेला तिथे ‘स्कुआ’ म्हणतात; पहिल्याच आठवड्यात तिथे फेरी मारा.

आर्क्टिकमधल्या हिमाद्रीला जायचं असेल तर?
(मुंबई)

हिमाद्री हे भारताचं केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंद या वस्तीत आहे. तिथे संवेदनशील रेडिओ उपकरणांमुळे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. बिनतारी हेडफोन, माउस, कीबोर्ड, घड्याळ यांच्या जागी तारेची साधनं आणि लॅन केबल न्या. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर अॅडाप्टरही. इमारतींत बूट दाराशी काढतात, तेव्हा आत घालायच्या सपाता लागतात. बाकी कपड्यांचा हिशेब वरचाच.

वजन चार किलोंनी जास्त होतंय. काय काढू?
(कणकवली)

जीन्स आधी काढा. ती जड असते, वाळत नाही, आणि बाहेर घालता येत नाही. मग मोठा टर्किश टॉवेल काढून पंचा घ्या. शाम्पूची मोठी बाटली, डासांचं मलम (तिथे डास नाहीत), इस्त्री, छत्री, दुसरी पॉवर बँक, जाड पुस्तकं काढा. तरी जास्त भरलं, तर फ्लीसची एक पँट काढा. पायमोजे, पातळ हातमोजे, जादा चष्मा आणि औषधं यांना हात लावू नका.